न संपणाऱ्या डावाची पेटी

तुम्ही काय करत होतात, असं कुणी विचारलं की मी 'जुळवणी' असं उत्तर देते. मग समोरची बाई आपल्या भाच्याचं वय, उंची आणि पगार सांगायला लागते. तिला थांबवून सांगावं लागतं, की मी लग्नं जुळवत नव्हते, सोंगट्या जुळवत होते. त्यावर तिचा चेहरा पडतो. लग्न जुळवणाऱ्या बाईला पुण्यात जो मान आहे तो सोंगट्या जुळवणारीला नाही, आणि आता या वयात माझी त्याबद्दल तक्रारही नाही.

आमचं घर कातारी. कातारी म्हणजे लाकूड फिरवून त्याला गोलाई देणारे. कसबा पेठेत तांबटांची ठोकठोक जिथे विरत जाते तिथे आमच्या लेथची घरघर सुरू व्हायची. लाकूड फिरत असताना त्याला पटाशी लावायची, आकार आला की लाखेची रंगीत कांडी त्यावर दाबून धरायची. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडाला धरते. मग केवड्याच्या पातीने घासलं की तोंड दिसेल अशी चकाकी येते. पाळण्यावरचे राघू, खुळखुळे, भोवरे, ताकाच्या रव्या, पाटांचे पाय आणि बुद्धिबळाच्या सोंगट्या हा आमचा माल. आधी सासरे करायचे, मग आमचे हे करायला लागले. ह्यांचं नाव मी अजून घेत नाही. उखाण्यात घेतलं तेवढं पुरे झालं.

मी लग्न होऊन आले तेव्हा लेथवर बाईने बसायचं नाही अशी पद्धत होती. म्हणून माझ्या वाट्याला जुळवणी आली. हाताने केलेल्या दोन सोंगट्या कधी तंतोतंत सारख्या होत नाहीत. टोपलीभर माल समोर ओतायचा आणि त्यातून एकमेकींना शोभणाऱ्या वेचून काढायच्या. उंची बघायची, वजन बघायचं, लाखेची छटा उजेडात धरून बघायची. एक हत्ती गुटगुटीत आणि दुसरा उपाशी, असं चालत नाही. ह्यांच्या मते हे काम म्हणजे तांदूळ निवडणं. वाटू दे, म्हटलं. तांदूळही धड निवडता येत नसत त्यांना.

नव्वद सालानंतर बाजार खुला झाला असं सगळे म्हणतात. आमच्या बाजूने तो बंद झाला. बाहेरून प्लास्टिकची खेळणी आली, रंगाने झगझगीत आणि किमतीने आमच्या नुसत्या लाकडापेक्षा स्वस्त. रव्यांची जागा मिक्सरने घेतली होतीच. भोवरा फिरवणारी पोरं कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागली. ह्यांनी लेथवर फर्निचरवाल्यांसाठी जिन्याचे कठडे करायला घेतले. पैसे बरे मिळायचे, पण संध्याकाळी घरात आले की तोंडावर काही दिसायचं नाही. चांगला दिवस की वाईट, ते कळायचं नाही. त्या दिवसांबद्दल मला अजून वाईट वाटतं.

अशात एके दिवशी निखिल आला. यवतमाळकडचा मुलगा, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, आमच्या मागच्या गल्लीत तिघांत खोली घेऊन राहणारा. कंपनीची बस त्याला रोज हिंजवडीला न्यायची आणि आणायची.

"काकू, बसमध्ये लय वेळ बसा लागते," तो म्हणाला. "आम्ही बुद्धिबळ खेळून पाह्यलं. विद्यापीठाच्या चौकात उंट खाली पडते अन् औंधले घोडा."

"लोहचुंबकाचं मिळतं बाजारात. ते घ्या."

"ते एकच खेळ खेळते ना. आम्हाले रोज येगळा पाहिजे. एकाच पिशवीत सगळे खेळ मावले पाहिजेत."

मी हसले, पण तो गेल्यावर डोक्यातून विषय गेला नाही. फासे नसलेले, पत्ते नसलेले, नशिबाला काही काम नसलेले खेळ घ्या. बुद्धिबळ, नवकंकरी, वाघबकरी, आणि निखिल इंटरनेटवरून शोधून आणायचा ते देशोदेशीचे. या सगळ्यांना लागतं काय? दोन रंग लागतात आणि आपली सोंगटी कुठली ते कळलं पाहिजे, बस्स. राजाला मुकुट आणि घोड्याला तोंड हे आपले लाड आहेत. चपटी चकती घेतली आणि तिच्या एका बाजूला बोट बसेल असा खळगा केला, तर उलटी केल्यावर तीच चकती दुसरी सोंगटी होते. दोन चकत्या एकीवर एक ठेवल्या की तिसरी होते. लहान, मध्यम, मोठे असे पोकळ शंकू केले तर ते पातेल्यांसारखे एकात एक बसतात आणि जागा एकाचीच घेतात. असा विचार करत मी महिनाभर ह्यांना लेथवर छळलं. कठड्यांच्या कामातून वेळ नाही, असं म्हणत त्यांनी सगळं करून दिलं, आणि त्या महिन्यात घरी येताना चेहऱ्यावर काहीतरी दिसायला लागलं.

पट मी शिवला. जाड मांजरपाटाचं गोल कापड, एका बाजूला चौकटी, दुसऱ्या बाजूला रेघा, आणि कडेने नाडी. पसरलं की पट, नाडी ओढली की बटवा. सोंगट्या आत. बसचा ड्रायव्हर अचानक ब्रेक लावणार असं वाटलं की नुसती नाडी ओढायची.

बाहेरच्यांना वाटतं की अशा बटव्यात जास्तीत जास्त काय भरता येईल हे शोधायचं असतं. खरं काम उलटं आहे, काय काढून टाकता येईल ते शोधायचं. सहलीला निघताना बॅग भरून झाल्यावर तिच्यातून चार वस्तू काढायच्या आणि मग कुलूप लावायचं, असं माझी आई सांगायची. जुळवणीत मी तिचंच ऐकलं.

बटवा तोंडोतोंडी पसरला. गिऱ्हाइकंही तशी तशी आली. एक बाई मुलीला अमेरिकेत पाठवायला घेऊन गेल्या आणि पायरीवरून परत फिरून विचारत्या झाल्या, "हे तिकडे चालेल ना?" मी सांगितलं की व्होल्टेजचा प्रश्न येणार नाही. एका कंपनीच्या मॅडमना टीमसाठी असा खेळ हवा होता ज्यात कुणीच हरत नाही. म्हटलं, आमच्याकडे नाही, भजनी मंडळ चालेल का बघा. एका गृहस्थांनी बटवा परत आणला. तक्रार अशी की लाल सोंगट्या घेतल्या की ते हरतात. मी त्यांना हिरव्या घ्यायला सांगितलं, तर म्हणाले, "हिरव्या बायको घेते." यावर कातारी काय करणार?

पण मला सांगायची आहे ती भिडेबाईंची गोष्ट. माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड जुळवणी तीच.

त्या सकाळी आल्या तेव्हा हातात मंडईची पिशवी होती. चापून नेसलेली सुती साडी, बोलणं मोजकं. बाकावर बसायला सांगितलं तर बसल्या नाहीत.

"आपल्याकडे खेळ करून मिळतात असं ऐकलं."

"मिळतात. कुणासाठी?"

"मिस्टरांसाठी. मला असा खेळ हवा आहे जो संपत नाही."

मला वाटलं, ह्याही त्या मॅडमच्या वळणावर चालल्या. पण मग त्यांनी सांगितलं, आणि मी हातातलं काम खाली ठेवलं. भिडे बँकेत अधिकारी होते. बँकेत कॉम्प्युटर आले, स्वेच्छानिवृत्ती निघाली, तेव्हा ते घरी बसले. वर्ष झालं नाही तोवर दोन्ही किडन्या गेल्या. आता आठवड्यातून तीनदा, मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी, दवाखान्यात जाऊन चार-चार तास मशीनला जोडून पडायचं, रक्त धुऊन घ्यायचं. डॉक्टर म्हणाले, घरातल्या कुणी किडनी दिली तर हे सगळं सुटेल. बाईंनी तपासण्या करून घेतल्या, त्यांची जुळली. भिड्यांनी ऐकताक्षणी नकार दिला. धडधाकट बाईला आपल्यासाठी कापायचं नाही, विषय संपला.

"आणि आता म्हणतात, डायलिसिसही पुरे," भिडेबाई म्हणाल्या. "चार तास छत बघायचं, आणि परवा जाऊन पुन्हा तेच छत बघायचं. मागच्या मंगळवारी गेलेच नाहीत. बुधवारी धाप लागली तेव्हा शेजाऱ्यांनी उचलून नेलं. पुढच्या वेळी शेजारी घरी असतीलच असं नाही."

हे सगळं त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

"त्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे," त्या पुढे म्हणाल्या. "पानात अर्धी पोळी टाकत नाहीत. बँकेत काम अर्धवट ठेवून कधी घरी आले नाहीत. मंगळवारी तिथे काहीतरी अर्धवट राहिलं, तर गुरुवारी ते जातील. म्हणून संपता कामा नये."

आमचे सगळे खेळ संपवण्यासाठी केलेले. डाव झाला की नाडी ओढून निघायचं, हेच तर आमचं कौतुक. आणि ह्या बाईंना अर्धा राहिलेला डाव जसाच्या तसा मिटून ठेवता येईल असं काहीतरी हवं होतं. शिवाय भिड्यांचा डावा हात मशीनला, तो हलवायचा नाही. सगळं उजव्या हाताने, गादीवर, अर्धवट आडवं पडून.

"खेळणार कुणाशी?"

"शेजारच्या पलंगावर शेख मास्तर असतात. शाळेत चित्रकला शिकवायचे. मंडईच्या मागे राहतात. ते बोलायला बघतात, पण आमचे हे भिंतीकडे तोंड करतात."

बुद्धिबळ नको, हे त्याच म्हणाल्या. बँकेच्या स्पर्धांत भिड्यांना ढाली मिळाल्या होत्या. मास्तरांना सहज हरवतील आणि कंटाळतील. मी निखिलला बोलावलं. तो तेव्हा जपानी शिकत होता, कारण कंपनी तिकडे पाठवणार होती. त्याने तिकडचा एक खेळ दाखवला. आडव्या-उभ्या रेघा, त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे आळीपाळीने एकेक सोंगटी ठेवायची. एकदा ठेवली की हलवायची नाही. समोरच्याच्या सोंगटीला चहूबाजूंनी घेरलं की ती पटावरून उठली. शेवटी जास्त जागा ज्याच्या ताब्यात तो जिंकला.

"म्हणजे जागा बळकावायचा खेळ," हे म्हणाले. "पुण्यात हा शिकवायला लागणार नाही."

डाव चांगला लांबतो, आणि दोघांनाही येत नाही. दोघेही ढ, हे मला सगळ्यात आवडलं.

पेटी अशी केली. पुस्तकासारखी मिटणारी लाकडी पेटी, आत छेदबिंदूंच्या जागी भोकं, आणि सोंगट्यांऐवजी बोटाच्या पेराएवढ्या खुंट्या. पेटीला खोली इतकी, की मिटली तरी झाकण खुंट्यांना टेकत नाही. डाव आत उभाच्या उभा राहतो. आता या खेळाला सोंगट्या खूप लागतात. दोन रंगांचे दोन ढीग गादीवर ठेवले तर एका हाताने सावरणार कसे? म्हणून मी एकच ढीग केला. प्रत्येक खुंटीचं एक टोक लाल, दुसरं हिरवं. भिड्यांनी खोवायची ती लाल टोक वर ठेवून, मास्तरांनी हिरवं. निम्म्या खुंट्यांत काम भागलं. या युक्तीवर मी स्वतःवर फार खूश होते. ह्यांनी सगळ्या खुंट्या कातल्या, एकीकडून लाल लाख चढवली, दुसरीकडून हिरवी, आणि म्हणाले, "पेन्सिलींचा कारखाना काढायचा राहिला होता."

पहिल्या दिवशी काय झालं ते भिडेबाईंनी येऊन सांगितलं. भिड्यांनी पेटी बघितली आणि "हे काय बालवाडीचं?" म्हणून परत दिली. मास्तरांनी ती आपल्याकडे घेतली.

"भिडेसाहेब, मलाही येत नाही," मास्तर म्हणाले. "दोघंही नापास होणार असू तर लाजायचं कुणाला?"

थोडा वेळ छत बघून भिड्यांनी उजवा हात पुढे केला.

वेळ संपली, मशीन सुटलं, डाव अर्धा. मग प्रश्न आला की पेटी कुणी न्यायची. भिडे म्हणाले, "मास्तर, आपल्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण पेटी इथेच राहू दे." मास्तर म्हणाले, "मीही अगदी हेच म्हणणार होतो." पेटी सिस्टरांच्या कपाटात गेली. ज्याची खेळी असेल त्याने ती डोक्यात घेऊन घरी जायचं, असं ठरलं. आणि भिडे घरी वर्तमानपत्राच्या कडेला रेघा ओढत बसू लागले. गुरुवारी बाई तयार व्हायच्या आत भिडे चपला घालून दारात.

एक डाव संपला की त्याच बैठकीत दुसरा मांडायचा, हा नियम बाईंनी सिस्टरांमार्फत घातला. असे कितीतरी आठवडे गेले. भिडेबाई अधूनमधून दुकानावर यायच्या, बाकावर बसायच्या, चहा घ्यायच्या. मला वाटलं, जुळलं बाई.

आणि एका मंगळवारी दवाखान्यातून फोन आला. भिडेबाईच होत्या. "पेटीचं काहीतरी झालंय. आपण येऊ शकाल का?" एवढंच बोलल्या. मी रिक्षा केली.

वॉर्डात शिरताच वास आला आणि काय झालं असणार ते मला दारातच कळलं. कपाटातलं सगळं सामान पुसून घ्या, असा वरून हुकूम निघाला होता. सिस्टरांनी मोठ्या प्रेमाने पेटी उघडून खुंट्यांची डोकी स्पिरिटने पुसली होती. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आमचं पॉलिशच मुळी चपडी लाख स्पिरिटमध्ये भिजवून होतं, कातारी घरातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. दवाखान्यात सगळं स्पिरिटने पुसतात हे तर साऱ्या जगाला ठाऊक. पण ही दोन ज्ञानं माझ्या डोक्यात कधी शेजारी बसलीच नव्हती. लाल हिरव्यात गेलं होतं, हिरवं लालमध्ये, आणि बोळा सगळ्यांवरून फिरला होता. पेटीभर एकच चिकट तपकिरी रंग. डाव उभा होता, पण कुणाची खुंटी कुठली ते देवालाही सांगता आलं नसतं.

भिडे भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी आल्याचं कळलं तरी वळले नाहीत.

"बाई, आपला माल कच्चा," ते भिंतीला म्हणाले.

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"डाव संपला. मास्तर, आपण जिंकलात असं समजा. मी गुरुवारी येत नाही."

भिडेबाई पायथ्याशी उभ्या होत्या. त्या नवऱ्याकडे बघत नव्हत्या, पेटीकडेही नाही, माझ्याकडे बघत होत्या. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"असं कसं समजू?" शेख मास्तर पलीकडून म्हणाले. "खालचा कोपरा तुम्ही घेरत आणला होता. फुकटचं जिंकलेलं मला पचणार नाही."

"कुठला कोपरा? दाखवा की. सगळा चिखल झालाय." भिडे तावातावाने वळले, आणि त्या कोपऱ्यातली एक खुंटी उपटून काढली. फेकणारच होते, सिस्टर मागे सरकल्यासुद्धा. पण हात वर गेला तो तिथेच थांबला. ते खुंटीचं खालचं टोक बघत होते. भोकात बसलेल्या टोकाला बोळा लागलाच नव्हता. ते स्वच्छ, चकचकीत हिरवं होतं.

"मास्तर," भिडे सावकाश म्हणाले, "ही तळाला हिरवी आहे."

"म्हणजे वर लाल होती."

"म्हणजे माझी."

त्यांनी खुंटी पुन्हा भोकात बसवली आणि शेजारची उपटली. ती तळाला लाल निघाली, म्हणजे मास्तरांची. मग तिसरी. रडवेल्या झालेल्या सिस्टर एकदम पुढे आल्या, चिकटपट्टीचे बारीक तुकडे कापू लागल्या आणि भिड्यांच्या प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर लावू लागल्या. भिडे एका हाताने उपटत होते, मास्तर मान उंच करून "लाल", "हिरवी" म्हणत होते. मध्येच एका खुंटीवरून जुंपली. ती आपण खोवलीच नव्हती असं मास्तरांचं म्हणणं, आणि तळाचा पुरावा समोर असताना शिक्षक माणसाने असं बोलावं याचं भिड्यांना आश्चर्य. सगळा पट पुन्हा उभा राहिला तेव्हा मशीन वाजायला लागलं. वेळ संपली होती. एकही खेळी झाली नव्हती.

भिडे पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "नव्या खुंट्या गुरुवारी मिळतील का?"

धंद्याच्या सवयीने माझ्या तोंडून गेलं, "शुक्रवारी देते."

"मी इथे गुरुवारी येणार आहे," ते म्हणाले. "आपलं आपण बघा."

भिडेबाई तोंड फिरवून खिडकीकडे गेल्या आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

नव्या खुंट्यांना ऑइलपेंट दिला. आमच्या घरात डब्यातला रंग लावायची ती पहिली वेळ. ह्यांनी सगळ्या रंगवल्या, ओळीने वाळत ठेवल्या, आणि हात धुताना एवढंच म्हणाले, "बाबा असते तर जेवले नसते." पण बुधवारी रात्रीपर्यंत खुंट्या तयार होत्या.

पुढच्या पावसाळ्यानंतर भिडेबाई आल्या त्या सांगतच आल्या, की भिडे किडनी घ्यायला तयार झाले. मी विचारलं, कसे काय? तर एका शनिवारी खेळी लावता लावता मास्तरांनी सहज विचारलं होतं, घरून देणारं कुणी आहे का. भिडे म्हणाले, आहे. मास्तरांनी खुंटी खाली ठेवली. "माझं हृदय अधू आहे, किडनी बसवायला डॉक्टरांनी मला नकार दिलाय, म्हणून मी इथे येतो," ते म्हणाले. "तुम्ही काय माझ्या सोबतीला येता? देणारीचा अपमान करताय, भिडेसाहेब." भिड्यांनी घरी येऊन दोन दिवस वर्तमानपत्रावर एकही रेघ ओढली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, डॉक्टरांना फोन लाव.

मला मास्तरांचं फार वाईट वाटलं. इतक्या दिवसांनी जोडीदार मिळाला होता आणि त्यालाच त्यांनी घालवून दिलं.

ऑपरेशन दोघांचंही नीट झालं. भिड्यांना जंतुसंसर्गाची भीती म्हणून त्या वॉर्डात पाऊल टाकायची बंदी. मांडलेला डाव कपाटात तसाच होता. दुसरे एक-दोघे खेळायला तयार होते, पण मास्तर पेटी उघडू देईनात. "डाव चालू आहे," म्हणायचे, आणि छत बघायचे.

आता लेथ बंद आहे. ह्यांचे गुडघे गेले, मुलगा आयटीत, वाघोलीला फ्लॅट घेतलाय, तिथे आम्ही अधूनमधून जातो. निखिल जपानहून फोन करतो आणि तिथली पेटी आपल्याइतकी चांगली नाही असं सांगतो. खोटं बोलत असेल, पण ऐकायला बरं वाटतं. मी स्वतः एकही डाव कधी पुरा खेळले नाही, याची मात्र चुटपुट आहे. दुसऱ्यांचे डाव बांधून देण्यातच वेळ गेला.

भिडेबाई शेवटच्या आल्या तेव्हा दुकान आवरायला काढलं होतं. ऑपरेशनला बरेच महिने होऊन गेले होते. चेहऱ्यावर तजेला होता. न सांगता बाकावर बसल्या.

"डावाचं काय झालं?" मी विचारलं.

"मी जाते ना. मंगळवार, गुरुवार, शनिवार. मास्तरांच्या पलंगाशी स्टूल घेऊन बसते. हे घरी कागदावर पट मांडतात, खेळी सांगतात, मी जाऊन लावते. मास्तरांची खेळी घरी आणते."

"आपल्याला येतो का खेळ?"

"आधी येत नव्हता. पण इतके दिवस शेजारी बसून बघितलाच होता की. मागच्या गुरुवारी ह्यांनी सांगितलेली खेळी मी लावलीच नाही. बघितलं तर ती चुकीची वाटली. मला वाटली तिथे लावली. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ विचार करत बसले."

"मग घरी?"

"घरी रामायण. 'मी सांगितलं ते का नाही लावलंस? डाव माझा आहे.' मी म्हटलं, माझी किडनी पोटात चालते, आणि माझी एक खुंटी पटावर चालत नाही?"

मला हसू आवरेना. त्या मात्र हसत नव्हत्या.

"त्यावर काय म्हणाले?"

"माझी खेळी कागदावर मांडून शुक्रवारभर तीच बघत बसले. शनिवारी मी निघाले तेव्हा कागद त्यांच्या पुढ्यातच होता. मी चपला घातल्या, खेळी सांगतील म्हणून दारात थांबले. तर कागदावरून मान वर करून म्हणाले, 'आज तू काय करायचं ठरवलं आहेस?'"

भिडेबाईंनी मांडीवरची पिशवी उगीच सारखी केली.

"लग्नाला एवढी वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "हे त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं."